मामाजींना जंगल दाखवलं

माणसं दाट जंगलात हरवतात. मी जंगल तोडून झाल्यावर हरवलो, आणि तेही सासऱ्यांना बरोबर घेऊन.

मी तेव्हा घाटंजीच्या पुढे काही कोसांवर जंगलखात्याच्या एका रेंज ऑफिसात कारकून होतो. सत्तावन्न-अठ्ठावन्नचं साल असावं. आमचा जिल्हा नुकताच एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला होता, म्हणजे कागदावरचं नाव बदललं होतं, कागद तेच होते. सुमनशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सरकारी क्वार्टर, शेजारी नाकेदाराचं, म्हणजे जंगलाच्या पहारेकऱ्याचं, घर, एक विहीर आणि दोन कुत्री, एवढा आमचा संसार. शेरू सशावर भुंकायचा, पण ससा दिसेनासा झाल्यावर. बिजली दिवसातले अठरा तास झोपायची. (नाव मी ठेवलं होतं. माझे अंदाज तेव्हापासूनच असे!)

माझे सासरे, म्हणजे मामाजी, दारव्ह्याकडचे कापूस पिकवणारे शेतकरी. डोक्याला लालभडक पटका, पांढरंशुभ्र धोतर, आणि बोलणं अगदी मोजकं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की जवाई जंगलात राहतो आणि दाराशी अस्वल येतं. (अस्वल एकदाच आलं होतं, आणि तेही नाकेदाराच्या दाराशी.) होळीच्या आधी ते अचानक येऊन थडकले. दोन दिवस पाहतो, मनाला पटलं नाही तर बदली होईपर्यंत सुमनला दारव्ह्याला घेऊन जातो, असं त्यांनी चहा पितापिता सांगून टाकलं. सुमन खाली मान घालून ऐकत राहिली. सुमनशिवाय त्या क्वार्टरमध्ये राहायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. हे तेव्हा मी कुणाला बोललो नाही. नव्या जवायाने असं बोलायचं नसतं.

मग मी ठरवलं की यांना जंगल दाखवायचं. आपला जवाई या रानात कसा बिनघोर फिरतो, हे पाहिलं की म्हातारा निवळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुत्र्यांना हाक मारली आणि आम्ही निघालो.

"साखळी नाई घेतली काय कुत्र्यायची?" मामाजींनी विचारलं.

"साखळी कायले, मामाजी? माह्या नजरेच्या बाहेर जात नाईत ते."

हे अगदी खरं होतं, आदल्या वर्षापर्यंत. तेव्हा सागाची झाडं इतकी दाट होती की कुत्री वीस पावलं पुढे जायची आणि मोहाच्या झाडाजवळच्या वळणावर माझी वाट पाहत उभी राहायची. ही माझ्या शिस्तीची करामत आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरी गोष्ट अशी की त्यांना पुढे काही दिसत नसे आणि त्यांना भीती वाटत असे.

त्या वर्षीच्या थंडीत त्या भागातला कूप तोडीला निघाला. जंगल असं एकदम तोडत नाहीत. त्याचे तुकडे पाडतात, एका तुकड्याला कूप म्हणतात, आणि दरसाल एक कूप कुऱ्हाडीखाली येतो. कुऱ्हाडींचा आवाज मी ऑफिसात बसून रोज ऐकत होतो. पण कामाच्या गडबडीत तिकडे दोन महिने फिरकलो नव्हतो, की ओसरीवरून मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या सकाळी मामाजींबरोबर मीही तो कूप पहिल्यांदाच पाहिला. मोह तेवढा जागेवर होता, कारण मोह तोडत नाहीत. बाकी सगळीकडे खुंट, जळलेल्या फांद्यांची राख, आणि लाकूड ओढून नेणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, एकीसारखी दुसरी. त्या कुपाच्या झाडांचं रजिस्टर मीच लिहिलं होतं. एक ओळ म्हणजे एक झाड, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. वाईट वाटलं, पण सासरे शेजारी असताना ते तोंडावर दिसू देणं परवडणारं नव्हतं.

"जंगल कोठी हाये?" मामाजी म्हणाले.

"हेच, मामाजी."

टेकडी ओलांडून पलीकडच्या खोलगट जागेत उतरलो, तेवढ्यात एक ससा उठला. पूर्वी असा ससा दोन झाडांमागे नाहीसा व्हायचा. आता तो पार लांबपर्यंत दिसत राहिला, आणि शेरूला जन्मात पहिल्यांदा पळणारा ससा दिसला. तो सुटला. त्याच्यामागे बिजली! अठरा तासांची झोप तिने त्या दिवशी वसूल केली. मी हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. दोघंही टेकडीवरून दिसेनाशी झाली.

"नजर लंबी असन तुमची," मामाजी शांतपणे म्हणाले.

कुत्र्यांना शोधता शोधता आम्ही चार चाकोऱ्या बदलल्या आणि पाचवीवर माझ्या लक्षात आलं की आलो कुठून ते मला सांगता येणार नाही. पण मी डगमगलो नाही. समोरच्या खुंटाशी वाकलो. बुडाशी डांबराने आकडा होता: सहाशे बारा.

तोडीच्या प्रत्येक झाडावर दोन आकडे घालतात, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी. झाड गेलं तरी बुडाशी हिशोब राहतो. मला एकदम हुरूप आला. एक नंबरचं झाड सडकेवरच्या रपट्याला, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाला, लागून होतं, हे मला पाठ होतं. म्हणजे उलटे आकडे धरत गेलं की सडक! मामाजींना मी हे समजावून सांगितलं, हे आकडे मीच रजिस्टरात उतरवले हेही सांगितलं. ते माझ्या पावलांकडे पाहत माझ्या मागे निघाले. मला तो विश्वास वाटला.

सहाशे अकरा. सहाशे दहा. मी खुंटाशी वाकायचो, आकडा मोठ्याने वाचायचो, पुढच्या खुंटाकडे जायचो. आकडे आम्हाला टेकडीच्या माथ्यावर घेऊन गेले. तिथून वळून पुन्हा खाली. मग पुन्हा वर. आता हे सांगायला लाज वाटते, पण मी रजिस्टर लिहिलं होतं ते खुर्चीत बसून. आकडे घालणारी माणसं शेत नांगरल्यासारखी एक पट्टा वर आणि एक पट्टा खाली चालतात, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मीही कधी विचारली नव्हती. ऊन चढलं. मामाजींचं धोतर राखेने गुडघ्यापर्यंत काळं झालं. पाचशे चाळीसच्या खुंटावर ते बसले आणि बाजूच्या वारुळाकडे पाहत राहिले.

"जवाईबापू, हे वारूळ तिसऱ्यांदा भेटून राह्यलं."

"सरकारी काम हाये, मामाजी. आकडे घालनारे एकबी झाड सोडत नाईत."

पुन्हा माथ्यावर आलो, तेव्हा तांड्यावरची सोनीबाई सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन उभी होती. आमच्याकडे रोज दूध घालणारी बंजारी बाई ती. मी वाकून वाकून काय पाहतोय ते तिने थोडा वेळ न्याहाळलं.

"बाबू, काय हरपलं?"

"पाचशे एकवीस नंबर सापडून नाई राह्यला."

"थे कायले पायजे?"

"सडकेवर जायाचं हाये."

तिने डोक्यावरची मोळी न हलवता हनुवटी पुढे केली. मी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच! समोर सडक होती. सडकेपलीकडे आमचं क्वार्टर होतं, ओसरीवर सुमन सूप घेऊन तांदूळ निवडत होती, आणि तिच्या दोन बाजूंना दोन कुत्री आमच्याकडे पाहत बसली होती. मध्ये आडवं येईल असं एकही झाड नव्हतं. मी सकाळपासून खुंटांना वाट विचारत होतो, आणि क्वार्टर लपवणारी झाडं तर केव्हाच गेली होती.

घरी पोचायला पाच मिनिटं लागली. सुमनने पाय धुवायला पाणी दिलं.

"मले वाटलं, तुमी बाबाले कूप मोजून दाखवून राह्यले," ती मला म्हणाली. "दरखेपी माथ्यावर आले का म्या हात हालवला. तुमी खालीच पाहत होते."

मामाजी जेवले, पान खाल्लं, एक झोप काढली. मी तोवर ओसरीच्या कडेला बसून निकालाची वाट पाहत होतो. निकाल काय लागणार हे शेरूलाही कळलं असावं, कारण तो माझ्याजवळ येईना. संध्याकाळी त्यांनी सुमनला हाक मारली.

"सुमे, तू इथंच राह्य."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. रानात काही भीती नाही हे त्यांना पटलं असणार, असं वाटून मी पुढे सरकलो.

"तू दारव्ह्याले आली," ते पुढे म्हणाले, "तं यायले घरी कोन आणन?"

सुमन दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. मीही हसलो. मला हवं ते मिळालं होतं. ते कशामुळे मिळालं याची चौकशी करण्याइतका मी मूर्ख नव्हतो.

दुसऱ्या दिवशी निघताना मामाजींनी डोक्यावरचा लाल पटका सोडला, नाकेदाराकडून एक उंच बांबू आणवला, त्याच्या टोकाला पटका बांधून तो आमच्या अंगणात रोवला आणि बोडक्या डोक्याने एसटीत चढले. बदली होईपर्यंत तो तिथेच फडकत होता. कुत्री आधीसारखीच मोकळी फिरत. सडकेने जाणारे येणारे लोक थांबून हात जोडत आणि सुमनला विचारत की हे निशाण कोणत्या देवाचं?

ती तांदूळ निवडता निवडता सांगायची, "देवाचं नाई बाप्पा, आमच्या घरच्यायचं हाये."