पाव फेरा पुढे

आमच्या घरात जे काम कोणाचंच नसतं ते शेवटी माझं असतं. गॅसचा नंबर लावणं, टाकीत पाणी चढलंय का ते गच्चीवर जाऊन बघणं, आप्पांच्या डोळ्यांत थेंब घालणं, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन गप्प बसून येणं. त्यामुळे गणपती उरकल्यावर एक भलंमोठं खोकं दारात आलं आणि त्यावर वाफेच्या इंजिनाचं चित्र दिसलं, तेव्हा हेही माझ्याच गळ्यात पडणार हे ओळखायला मला वेळ लागला नाही.

ते पाठवलं होतं नवऱ्याने, वडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून. तो मस्कतला नोकरी करतो, वर्षातून एकदा येतो, आणि लांब राहणाऱ्या माणसांना अधूनमधून घरच्यांसाठी काहीतरी मोठं करावंसं वाटतं. फोनवर म्हणाला, आप्पा आणि तू मिळून करा, त्यांचा वेळ जाईल. माझा वेळ कुठे जातो हे त्याने विचारलं नाही. खोक्यात राखाडी प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना लटकलेले शेकडो भाग, काही तर तांदळाच्या कणीएवढे. एकेक कापायचा, घासायचा, रंगवायचा, चिकटवायचा. सगळं जमलं तर हातभराहून लांब असं जर्मन लष्कराचं इंजिन तयार होणार होतं. तुझा हात बारीक कामाला बसलेला आहे, असंही नवरा म्हणाला. ते खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. माणिकपूरला, चर्चच्या अलीकडे, दोन जिने चढून. दवाखान्यांतून रुग्णांच्या जबड्यांची मापं येतात, आम्ही त्यावरून कवळ्या आणि दात बनवून देतो. बावीस वर्षं हेच. दिवसभर परक्यांच्या दाढा घासून संध्याकाळी रिक्षाने उमेळ्याला परत येईपर्यंत मान आणि डोळे दोन्ही संपलेले असतात. त्यावर आता हे इंजिन.

आप्पा म्हणजे माझे सासरे. घाटापलीकडे रेल्वेच्या लोको शेडमध्ये ते फिटर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने घाईघाईत बांधून आपल्याकडे पाठवलेली इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली होती. आप्पा त्यांना नुसतं ‘लढाईची’ म्हणत. शोभेचं काही नाही, नक्षी नाही, चार-पाच वर्षं चालली तरी पुष्कळ अशा बेताने बांधलेली, आणि पुढे तीस वर्षं ओढत राहिलेली. बदली कोणी आलंच नाही त्यांना, असं आप्पा सांगायचे. मी एकही बघितलेलं नव्हतं, तरी मला ती ओळखीची वाटली.

खोक्यावरचं चित्र त्यांनी खिडकीपाशी नेऊन नाकाजवळ धरलं. बराच वेळ बघून म्हणाले, हे आपलं नाही, पण लढाईचंच आहे. चाकं लाल दाखवली होती. त्यावर त्यांनी मला विचारलं, हे लग्नाला निघालंय का? मी ती काळी करायचं कबूल केलं.

चित्र नाकाजवळ धरायचं कारण काचबिंदू. त्यांना समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं दिसायचं, आणि ती नळी दर काही महिन्यांनी अरुंद होत होती. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंबांनी जितकं टिकेल तितकं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आप्पांनी त्यावर मान हलवली होती आणि घरी येऊन नेहमीसारखे जेवले होते.

आता गोलाचं सांगायला हवं. शेडमध्ये दुरुस्ती झालेलं इंजिन बाहेर सोडण्याआधी एकजण ते सगळीकडून तपासायचा आणि पटलं तर समोरच्या आडव्या पट्टीवर खडूने एक गोल काढायचा. गोल नाही तर इंजिन हलायचं नाही. शेवटची बारा वर्षं तो गोल काढणारे आप्पा होते, आणि ती सवय त्यांनी घरीही आणली. नवऱ्याला शाळेच्या सगळ्या काळात वह्यांवर मिळून तीन गोल मिळाले. ते कोणत्या धड्यांना मिळाले हे तो अजून सांगू शकतो.

मला लग्नानंतरच्या अठरा वर्षांत एकही नाही. वह्या नव्हत्या, पण बाकी पुष्कळ होतं. सासूबाईंचं आजारपण मी काढलं, हे घर मी लावलं, रोजचा स्वयंपाक. आप्पा कधी वाईट बोलले नाहीत आणि कधी बरं म्हणाले नाहीत. पानात टाकलं नाही म्हणजे आवडलं असं समजायचं. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की हे इंजिन करायचं, आणि त्यांना दिसतंय तोवर त्यांच्याकडून त्यावर गोल काढून घ्यायचा. पन्नाशीला आलेल्या बाईने असा हट्ट धरावा याची मला लाज वाटत होती. तरी धरला.

रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. आप्पा खिडकीकडच्या खुर्चीत. लॅबमधले चिमटे, कोरण्या, वायरसकट छोटं घासायचं यंत्र, सगळं मी पिशवीतून आणायची. माहितीपुस्तकात नुसती चित्रं आणि आकडे. मी भाग कापून त्यांच्या तळहातावर ठेवायची, ते डोळ्यांपाशी नेऊन सांगायचे, हा वाळूचा डबा, हा पाण्याचा पंप. कधी कधी त्यांना लागायचा तो भाग जमिनीवर पडलेला असायचा आणि मी टेबलाखाली रांगत असायची. आमच्याकडच्या दमट हवेत रंग वाळता वाळत नव्हता. एका रविवारचा रंग दुसऱ्या रविवारी बोटाला चिकटायचा. मी कंटाळले होते हे सरळ सांगते. बॉयलरवरच्या नळ्या लावताना तर मला वाटायचं, ज्याने हे युद्ध सुरू केलं त्याला आणून इथे बसवावं.

दिवाळीनंतर आप्पांनी पेपर वाचणं सोडलं. आणलेला पेपर घडीसकट टीपॉयवर राहू लागला. नाताळच्या सुमारास त्यांनी चहा बशीत ओतताना बशीच्या बाजूला ओतला आणि स्वतःच फडकं शोधायला गेले. मी तेव्हापासून घाई करायला लागले. रविवारबरोबर बुधवारी संध्याकाळीही बसायची.

चाकं त्याच घाईत लावली. मोठी चाकं दोन्ही बाजूंना पाच-पाच, आणि एका बाजूची पाचही चाकं जोडणारा लांब दांडा. आप्पा त्याला साइड रॉड म्हणत. चाकाच्या आसाला टोकाशी एक खाच होती, त्यामुळे चाक एकाच तऱ्हेने बसत होतं, आणि तसं बसवलं की डावीकडचा दांडा खाली यायचा आणि उजवीकडचा मागे. दोन्हींचा मेळच नाही. मला वाटलं, साचा चुकलाय. आमच्या कामात साचे चुकतात, वाकडे येतात, ते आपण दुरुस्त करायचे असतात. डावी दाढ जशी तशीच उजवी, हे बावीस वर्षांत माझ्या बोटांत गेलेलं आहे. मी यंत्राने त्या खाचा घासून काढल्या, दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या, आणि चिकटवून टाकलं. आप्पा तेव्हा आत झोपले होते. स्वतःवर खूश होऊन मी त्या दिवशी भजी केली.

फेब्रुवारीत इंजिन पुरं झालं. दिसत होतं छान. एका रविवारी आप्पांना टेबलाशी बसवलं. लॅबच्या पिशवीतला प्लास्टरचा तुकडा मी आधीच खिशात घालून ठेवला होता, खडू म्हणून. त्यांनी मान तिरकी करून बघायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि हात लावला. चिमणीपासून मागेपर्यंत. नळ्यांवरून बोटं अलगद गेली. मग एक हात डाव्या दांड्यावर, दुसरा उजव्या. तिथेच थांबले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

“ही गाडी उभी राहिली की परत निघायची नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला, दांडा चाकाला. पण दट्ट्या एका टोकाला पोचला की क्षणभर कितीही वाफ दिली तरी चाक फिरत नाही. म्हणून एक बाजू दुसरीच्या पाव फेरा पुढे ठेवतात. एक बाजू अडली की दुसरी तिला काढते. मी दोन्ही सारख्या केल्या होत्या, म्हणजे दोन्ही एकदमच अडणार.

सहा महिन्यांचे रविवार माझ्या डोक्यात गेले. मी म्हणाले, “शोकेसमध्ये ठेवायचंय ते, आप्पा. त्याला कुठे जायचंय?”

“नाही ना जायचं,” ते म्हणाले. “मग ठेव.”

ते उठून भिंतीला हात लावत आत गेले. मी इंजिन खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर टाकलं. त्या आठवड्यात आम्ही दोघं फक्त थेंबांपुरते बोललो. नवऱ्याने फोनवर विचारलं, झालं का इंजिन? मी म्हटलं, झालं. त्याने फोटो मागितला, मी पाठवला, आणि त्याने तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. मला त्याचा इतका राग आला की मी फोन बंद करून भांडी घासत बसले. दोन्ही बाजू एकदम अडलेलं घर कसं असतं ते मला इंजिनाशिवायही माहीत होतं.

पुढच्या मंगळवारी लॅबमध्ये एका म्हाताऱ्या बाईंची कवळी पॉलिश करत होते. पाचूबंदरच्या होत्या, मासळी विकणाऱ्या. मागची एक दाढ केसभर उंच वाटली. त्यांना कळलं नसतं. कळलं असतं तरी त्यांनी म्हातारपणाला दोष दिला असता. डॉक्टरांनीही चालवून घेतलं असतं. मी ती दाढ काढली आणि पुन्हा बसवली, त्यापायी जेवायची सुट्टी गेली. डबा तसाच घेऊन घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की मी आप्पांवर कशासाठी रागावले होते. मी जे परक्या बाईसाठी न सांगता केलं, तेवढंच ते मागत होते.

खोकं खाली काढलं. चिकटवलेलं प्लास्टिक एकजीव होतं, ते सुटत नाही. दात कापायच्या पातळ चकतीने मी उजवीकडची पाचही चाकं आसापासून कापली. दोन चाकांचे आरे मोडले, ते जोडले. दांडा मधोमध तुटला, त्यात कवळीची तार घालून सांधला. मग प्रत्येक चाक पाव फेरा फिरवून पुन्हा बसवलं. त्यात तीन रविवार गेले. आप्पा खुर्चीत बसून यंत्राचा आवाज ऐकत होते. काय चाललंय असं त्यांनी विचारलं नाही, पण दुपारी झोपायलाही गेले नाहीत.

तिसऱ्या रविवारी मी त्यांचे हात धरून इंजिनावर ठेवले. डावा दांडा, उजवा दांडा. मग त्यांनी एकेक चाक मोजलं. सांधलेल्या जागी अंगठा थांबला.

“तुटला होता?”

“हो. तार घातली आत.”

“आम्हीही घातली असती,” ते म्हणाले, आणि खडू मागितला.

मी प्लास्टरचा तुकडा त्यांच्या हातात दिला.  त्यांनी तो बोटांत फिरवला, चेहरा खिडकीकडे वळवला आणि विचारलं, बाहेर उजेड आहे का. मी म्हटलं, चार वाजलेत, लख्ख ऊन आहे. 

“मला काहीच दिसत नाही,” ते म्हणाले. हे ते पहिल्यांदाच म्हणाले होते. “आणि न बघता मी कधी गोल काढला नाही.”

मी म्हणाले, हातांनी बघितलंत ना. ते म्हणाले, हातांनी तपासायचं असतं, पास डोळ्यांनी करायचं. मला एकदम फार थकवा आला. वाटलं, उशीर झाला. त्या खाचा मी घासल्या नसत्या, नीट चित्र बघितलं असतं, तर त्यांना थोडंतरी दिसत असताना झालं असतं. मी टेबलावरचा कचरा गोळा करायला लागले.

“तू बघितलंस सगळं?” आप्पांनी विचारलं.

“माझ्याशिवाय कोण बघणार?”

“मग गोल तुझा.” त्यांनी तुकडा माझ्या दिशेने धरला, जरासा चुकीच्या बाजूला. “समोरच्या पट्टीवर, उजवीकडे. काढ.”

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसणार नाही म्हणून मी ते पुसलंही नाही. तशाच भरल्या डोळ्यांनी मी गोल काढला.

“काढलास?”

“काढला.”

“कसा आलाय?”

“वाकडा.”

“माझाही पहिला वाकडाच आला होता,” आप्पा म्हणाले. मग त्यांनी चहा मागितला, आणि मी उठले.