पास्कूचं ब्लेड कुठलं?

पास्कू गेल्याची बातमी त्याच्या मुलाने, नेल्सनने, मला फोनवर दिली ती अशी, "मास्तर, पप्पा गेले. आई बोलते, तुम्हीच या. दाढी करायचीय त्यांची." मी शाळेत निघायच्या गडबडीत होतो, एका हातात डबा होता. गेले आणि दाढी, या दोन गोष्टी काही केल्या डोक्यात एकमेकींना चिकटेनात. मी विचारलं, "मग ते स्वतः का नाही करत?" फोनमधून मागचं बायकांचं रडणं ऐकू आलं आणि मग मला खुर्ची शोधावी लागली... पहाटे बंदरावर जाळं आवरताना त्याच्या छातीत कळ आली होती. तो होडीला टेकून बसला आणि बसल्या जागी गेला. आजूबाजूच्यांना बराच वेळ वाटत होतं की डुलकी लागली आहे. परवा चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली, तरी त्या दिवसाचा माझ्या डोक्यातला गोंधळ आहे तसाच आहे. लिहून काढला तर थोडा निवळेल, अशी आशा आहे.

पास्कू वसईच्या पाचूबंदरचा, ख्रिस्ती कोळी. त्याच्या घराण्यात माणूस गेला की त्याला आंघोळ घालतात, दाढी करतात, ठेवणीतला कोट चढवतात आणि मग पेटीत ठेवतात. सगळं गाव येऊन चेहरा बघून जातं. नेहमीचा न्हावी गावी गेलेला, घरचं कुणी रेझर हातात घ्यायला तयार नव्हतं आणि पास्कूच्या बायकोचं, मोनीवहिनींचं, एकच म्हणणं होतं, "ब्लेडच्या गोष्टी त्यांनी एकाच मानसाशी केल्या. तोच करील." हे मात्र खरं होतं. आमची दोस्ती ब्लेडपासून सुरू झाली आणि खरं सांगायचं तर ब्लेडच्या फारशी पुढे कधी गेली नाही.

नव्वद सालानंतर मी नोकरीसाठी वसईत आलो. बाजारातल्या जनरल स्टोअर्समध्ये एकदा ब्लेड मागितलं. तेव्हा सुटं ब्लेड मिळायचं. दुकानदाराने विचारलं, "कुठलं?" मी म्हटलं, "कुठलंही द्या." मागून आवाज आला, "कुठलाबी? मास्तर, बायकोबी कुठलीबी केली काय?" वळून बघतो तर एक काळाकभिन्न, रुंद माणूस, आणि ओळख ना पाळख, त्याने भर बाजारात माझी हनुवटी चिमटीत धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. हाताला सुकटीचा वास. "बघ, कसा सोलून काढलाय. ह्यो मानूस दाढी करतो का भोपला किसतो?" असं त्याने दुकानदारालाच विचारलं. मला राग यायला हवा होता, पण मी त्याने निवडून दिलेलं ब्लेड घेऊन मुकाट्याने घरी आलो. दुसऱ्या दिवशी गाल खरंच गुळगुळीत झाले. आठवड्याने तो भेटला तेव्हा मी कौतुकाने तेच नाव घेतलं, तर म्हणाला, "छ्या! तो कोन वापरतो?"

हा त्याचा स्वभाव, आणि याच स्वभावापायी मी आज अडकलो आहे. कोळ्याच्या गालाला खारं पाणी लागतं, म्हणून ब्लेड निवडण्यात हयगय नको, एवढं एक मत त्याने कधी बदललं नाही. बाकी सगळी मतं भरती-ओहोटीला बदलायची. धारदार ब्लेड चांगलं, मग म्हणे धारदार नको, ते घाई करतं. नवं कोरं ब्लेड कधी पहिल्या दिवशी वापरू नये, आधी काचेच्या पेल्याच्या आतून घासावं. आणि महिन्याभराने मी पेल्यात ब्लेड घासताना दिसलो तर, "काय रं, सरबत ढवलतोस काय?"

त्याची परीक्षा घेण्याची रीत ठरलेली होती. डावा गाल एका ब्लेडने करायचा, उजवा दुसऱ्याने, मग समुद्रावर जाऊन ओंजळीने दोन्ही गालांवर खारं पाणी मारायचं. जो गाल जास्त चरचरेल त्याचं ब्लेड नापास. रविवारी मिस्सेहून आल्यावर हा कार्यक्रम असायचा आणि मलाही तो करावा लागायचा, कारण एकट्याच्या गालावर विश्वास ठेवता येत नाही, असं त्याचं शास्त्र होतं. बोंबील सुकत घालणाऱ्या बायका हसून बेजार व्हायच्या. दोन घोडे झालेले पुरुष गुडघाभर पाण्यात उभे, तोंडावर पाणी मारतायत आणि एकमेकांना विचारतायत, "तुला डावीकडे लागतंय का?" निकाल कधीच लागला नाही. माझा डावा चरचरला की त्याचा हमखास उजवा चरचरायचा, मग "तुजा गालच उलटा हाय" म्हणून तो मोकळा. वापरलेलं ब्लेड तो उभं मोडून अर्धुकं मोनीवहिनींना जाळ्याचा दोरा कापायला द्यायचा.

पुढे प्लास्टिकचे रेझर आले, मग दोन पात्यांचे. जहाजावर नोकरीला लागलेल्या नेल्सनने तीन पात्यांचा आणला. पास्कूने तो उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "एकानं चूक केली की दुसरा निस्तरनार, दुसऱ्याचं तिसरा. सरकारी हापिस हाय ह्ये." एका रविवारी मात्र तो गुपचूप वापरून आला. मी विचारलं, कसा आहे? पास्कूने दोन्ही गालांवरून हात फिरवला. "बरा हाय रं," म्हणाला, अगदी घरातलं काहीतरी मोडल्यासारख्या आवाजात. मग मी नेहमीचा प्रश्न पुन्हा टाकला, की बाबा रे, इतकी वर्षं मला सल्ले देतोस, तुझं स्वतःचं ब्लेड कुठलं? तो हसला. "माजं सोड. माजा अजून ठरतोय."

...तर त्या सकाळी मी त्याच्या घरी पोचलो. त्याला आंघोळ घालून झाली होती, उशीला टेकवून ठेवलं होतं. गरम पाणी, साबण, ब्रश, त्याचा जुना पितळी रेझर सगळं मांडलेलं. नेल्सनने खोबरेल तेलाच्या वासाचा एक पत्र्याचा डबा पुढे केला. आत तीन पाकिटं, हिरवं, पिवळं, निळं, आणि तिन्ही अर्धी वापरलेली. "कुठलं?" मी विचारलं. मोनीवहिनी म्हणाल्या, "हिरवा. दोऱ्याला मला हिरव्याचाच अर्धा मिलायचा." नेल्सन म्हणाला, "आई, ते त्यांना आवडायचं नाही म्हणून तुला द्यायचे. होडीवर मी त्यांना पिवळ्यानेच करताना बघितलंय." आणि मी गेल्या कित्येक रविवारी त्याच्या हातात निळंच बघितलं होतं. तिघंही शपथेवर सांगायला तयार होतो. तिघंही बहुधा खरंच बोलत होतो. गाव अंगणात जमायला लागलं होतं, फादर येणार होते, आणि मी हातात रिकामा रेझर घेऊन एका मेलेल्या माणसाकडे उत्तरासाठी बघत होतो. इतका राग आला मला त्याचा! एवढी बडबड केलीस, एकदा सरळ सांगून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं? मला त्याचा चेहरा बिघडवायचा नव्हता. गाव त्याला शेवटचं बघणार होतं. चुकीच्या ब्लेडने तो पास्कू दिसणारच नाही, अशी भीती मला वाटत होती. हसू येईल कुणाला, पण वाटत होती.

शेवटी मी डोळे मिटून एक पाकीट उचललं. कुठलं ते इथे लिहीत नाही, मोनीवहिनी तेव्हा अंगणात माणसांकडे गेल्या होत्या आणि त्या हे वाचतील. साबण लावला. गाल गार होता आणि ब्लेड सरकन गेलं, कुठेही अडलं नाही. चरचरतंय का, हे सांगणारं कुणी नव्हतं. आयुष्यात केलेली सगळ्यात सोपी दाढी असेल ती, आणि मला ते सोपं असणं सहन होईना. पुसलं, कोट चढवला, पेटीत ठेवलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. चकचकीत, नीटनेटका, कुणीतरी दुसराच माणूस वाटत होता. माझी खात्री पटली की चुकलंच.

मोनीवहिनी जवळ आल्या. त्यांनी उलट्या हाताने त्याचा एक गाल बघितला, मग दुसरा, मग बोटं हनुवटीखाली नेली आणि तिथेच थांबल्या. मीही हात लावून बघितला. जबड्याच्या आतल्या वळणात खुंटांचा एक पट्टा राहून गेला होता, चांगला अंगठ्याएवढा. मी शरमून रेझर पुन्हा उचलला. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिथला त्यांचा रोजच राहायचा. जल्मात कदी निघाला नाय. मी कदी सांगितला नाय त्यांना."

आणि मी आल्यापासून पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या.