बसव्वाच्या भिंतीवरचं घोंगडं

सोलापूरच्या बसव्वानं परसात पाली पाळल्या होत्या, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. मंद्रूपहून आणलेल्या दगडांबरोबर त्या आल्या. बारक्या, अंगावर ठिपके असलेल्या, दिवसा उन्हात हिंडणाऱ्या. परसाच्या भिंतीच्या फटीत त्यांनी अंडी चिकटवली. गेल्या दिवाळीला नवऱ्यानं, संगप्पानं, त्या भिंतीलाही चुना मारला आणि एकही पिल्लू निघालं नाही. यंदा चुन्याची बादली दिसताच बसव्वा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सगळं घर पांढरं झालं, ती भिंत मात्र तशीच राहिली. थंडी पडली तशी बसव्वा रोज उन्हं उतरताच भिंतीवर घोंगडं टाकू लागली.

लेकीला, दाक्षायणीला, बघायला पाहुणे आले त्या दिवशीही बसव्वा बोलणं अर्ध्यावर टाकून घोंगडं घालायला उठली. मागोमाग आलेल्या मुलाच्या आईनं घोंगड्याखाली डोकावून नाक मुरडलं.

“आमच्या घरी असलं चालत न्हाय.”

संगप्पा घोंगडं काढायला धावला. बसव्वानं त्याचा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या. अंड्यावरचं पांघरूण ज्यांना बघवंना, त्यांच्या घरी माझी लेक तापानं फणफणली तर तिच्यावर घोंगडं कोण घालंल?”