अंधाऱ्या खोलीतले मांगूर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता लिहायला बसलोय, तरी माझा गुन्हा नक्की केवढा, ते मला अजून कळलेलं नाही.

सोलापुरात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी शिपाई होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एक मुलगी संशोधनाला आली. उजनीचे मांगूर मासे तिने दोन टाक्यांत ठेवले. एका टाकीला ठरलेल्या तासांचा उजेड, ठरलेल्या तासांचा अंधार. दुसरी मागच्या खोलीत, कायम अंधारात. खिडकीला काळा कागद आणि दाराला दुहेरी सोलापुरी चादर आम्ही दोघांनीच ठोकली.

"ताई, अंधारात माशाला काय कळतंय?"

"मामा, त्याच्या मेंदूतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. डोळ्यांशिवाय कळतं."

"म्हंजे तिसरा डोळाच की! जपून ऱ्हावा, भस्म करंल."

ती खूप हसली. "अंधारात त्या पेशी बदलतात का, तेच बघायचंय. इथला दिवा मात्र कधीच लावायचा नाही."

मी मान डोलावली. पण तिन्हीसांजेला वास्तू अंधारी ठेवू नये, हे आईने अंगात मुरवलेलं. कॉलेज बंद करताना मी प्रत्येक खोलीत दिवा लावायचो, हात जोडायचो, दिवा मालवून कुलूप घालायचो. आत जिवंत जीव असताना तेवढी एकच खोली वगळायला मन धजेना. मिनिटभरच लावायचो.

दोन महिन्यांनी तिने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. काही बदललेल्या, काही जशाच्या तशा. कशाचा कशाला मेळ नाही. तिचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, मासे अंधारात ठेवले होते की चौकात?"

ती माझ्याकडे आली. "मामा, तिथं कधी दिवा लागला होता का?"

"न्हाय की, ताई."

"मग माझंच चुकलं."

महिन्याभरात तिने संशोधन सोडलं.

मिनिटभराच्या उजेडाने एवढं होतं? कधी वाटतं, शक्य नाही. मग वाटतं, तसं असेल तर मी खोटं का बोललो?

मागच्या वर्षी ती एसटी स्टँडवर भेटली. करकंबला शाळेत शिकवते. "आता मासे फक्त फळ्यावर काढते, मामा," म्हणाली. तेवढ्यात गाडी लागली. मी तिची पिशवी आत ठेवली आणि म्हणालो, "सावकाश जावा."

म्हणायचं होतं ते असं: ताई, तिथं रोज दिवा मी लावत होतो. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.