त्यानं कामाचं काहीच विचारलं नाही

"आधी हे सामान उचला. ही धर्मशाळा नाही."

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात काउंटरवरची बाई माझ्या नातीला असं म्हणाली. गुळगुळीत फरशीवर आमची वळकटी होती, पत्र्याची पेटी होती आणि पिशवीतून तवा बाहेर डोकावत होता. प्रज्ञाला त्याच दिवशी नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. राहायला खोली दवाखाना देणार, स्वयंपाकाचं तुमचं तुम्ही बघा, असं फोनवर सांगितलं होतं. म्हणून तवा.

प्रज्ञानं मोबाईल पुढं करून ऑर्डर दाखवली. बाईनं ती शेजारच्या पोराला दाखवली. दोघं हसले. मग ती आतून एका साहेबाला घेऊन आली. साहेबानं नाव वाचलं. आडनावापाशी थांबला. ते थांबणं मी जन्मभर बघत आले आहे, मला कुणी समजावून सांगायला नको.

"ही आमची ऑर्डर नाही. आम्ही अशी भरती करत नाही."

इथवर ठीक होतं. पण पुढं तो म्हणाला, "इथं आरक्षण नसतं बाई. इथं मेरिट लागतं."

आरक्षणाचं कुणी विचारलं होतं त्याला? पोरगी एवढंच म्हणाली, "सर, माझी मूळ कागदपत्रं तुमच्याकडं आहेत."

"आमच्याकडं काही नाही. वॉचमन!"

बाकावरचे लोक बघत होते. एका बाईनं आपली पर्स मांडीवर ओढून घेतली. वॉचमननं पेटीची एक कडी धरली, दुसरी मी धरली. दारात पेटी उंबऱ्याला लागली आणि उघडली. तिच्यासाठी नवा पांढरा ड्रेस शिवून घेतला होता, तो पायरीवर पडला. प्रज्ञानं उचलला. झटकला नाही. तसाच चुरगाळून पेटीत कोंबला.

परक्यानं केलेला अपमान मला नवा नाही. लहानपणी पाटलाच्या विहिरीवर वरून ओंजळीत पाणी घेतलं आहे. तसल्या माणसाकडून आपण काही मागत नाही, म्हणून तो दुखवतो तरी फसवत नाही. फसवायला जवळचा माणूस लागतो. तो आम्हाला नंतर भेटला.

मी चौथी शिकलेली. हदगावजवळच्या खेड्यात राहते. दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला, सोयाबीन काढलं. प्रज्ञा माझ्या लेकीची लेक. लेक-जावई पुण्याकडं बांधकामावर असतात, पोरगी माझ्यापाशी वाढली. नर्सिंग केलं तिनं, नांदेडला राहून. मग हदगावच्या एका डॉक्टरकडं कामाला लागली. सरकारी भरतीची परीक्षाही देऊन बसली होती, पण निकालाचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात मिलिंदनं ती जाहिरात पाठवली.

मिलिंद माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नांदेडला ऑफिसात कारकून. विष्णुपुरीला त्यानं घर बांधलं. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा हा पहिला. कुणाला दाखला काढायचा असला, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, की मिलिंदला फोन. विहाराचा मोबाईलवर ग्रुप आहे, त्यावर त्यानं टाकलं होतं : लातूरच्या दवाखान्यात नर्स पाहिजेत, आपल्या समाजाच्या मुलींना प्राधान्य.

मुलाखत फोनवर होती. मिलिंद मुद्दाम नांदेडहून आला. पिठाच्या डब्याला टेकवून त्यानं फोन उभा केला. समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. कॅमेरा बिघडलाय, म्हणाला. पण पहिलाच शब्द त्यानं काढला तो असा :

"जय भीम, आजी."

मी फोनसमोरच हात जोडले. "जय भीम, बाबा."

"तुमच्या मालकांनी विहाराच्या पायाचे दगड डोक्यावर वाहिले म्हणतात. अशी माणसं आता नाहीत राहिली."

माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गावातली नवी पोरं त्याला ओळखत नाहीत. आणि लातूरच्या साहेबाला तो ठाऊक! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर लावला.

आमच्यात ही रीत आहे. अनोळखी गावी उतरलं की जय भीम म्हणायचं. समोरून जय भीम आलं की गाव विचारायचं, कुणाचे तुम्ही, ते विचारायचं. तेवढं झालं की दार उघडं. मग पाणी मिळतं, भाकर मिळते, अंथरूण मिळतं. कुणी पुरावा मागत नाही. या रीतीवर आमचे लोक परमुलखात जगले. ती रीत खोटी आहे, असं मी आजही म्हणत नाही.

पाच-दहा मिनिटांत मुलाखत संपली. "सिलेक्ट झालीस, बेटा," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर प्रज्ञा म्हणाली, "आजी, त्यानं कामाचं काहीच इचारलं न्हाई. सलाईन लावता येतं का, वार्ड कोणता केला, काहीच न्हाई."

मिलिंद हसला. "अगं येडे, दुसरे लोक इचारू इचारूच आपल्याला भायेर काढतात. हा आपला माणूस हाय, म्हणून इचारलं न्हाई. त्यानं मान दिला तुला."

मला ते पटलं. पुरतं पटलं. शाळेत, सोसायटीत, दवाखान्यात आम्हाला प्रश्न विचारले ते बाहेर ठेवण्यासाठीच. न विचारता आत घेणारा कधी भेटलाच नव्हता. म्हणून न विचारणं मानाचं वाटलं.

दोन-तीन दिवसांत मूळ कागदपत्रं मागितली. मार्कमेमो, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी. पडताळणीला पाहिजेत म्हणे.

"मूळ कुणी ठेवून घेत न्हाई, मामा," प्रज्ञा म्हणाली. "दाखवायची असतात, द्यायची नसतात."

"पैसे मागितले का त्यानं? फसवणारा आधी पैसे मागतो. यानं एक रुपया मागितला का?"

नव्हता मागितला. तिथंच आमचं तोंड बंद झालं. मिलिंद फाईल घेऊन गेला. मी पोचवतो म्हणाला. मग मोबाईलवर ऑर्डर आली, वर दवाखान्याचं चिन्ह. प्रज्ञानं हदगावचं काम सोडलं. त्या डॉक्टरनं दुसऱ्याच दिवशी दुसरी मुलगी ठेवली. आणि आम्ही पेटी, वळकटी, तवा घेऊन लातूरला गेलो.

लातूरहून परत आल्यावर त्या माणसाचा फोन लागेना. काही दिवसांनी त्याचाच आला. "फाईल पाहिजे तर पैसे पाठवा. नाहीतर विसरा." या वेळी तो जय भीम म्हणाला नाही. आजीही म्हणाला नाही.

त्याच आठवड्यात सरकारी भरतीचा निकाल लागला. प्रज्ञाचं नाव यादीत होतं. कागदपत्रं तपासायला मूळ घेऊन या, असं लिहिलं होतं.

आम्ही दोघी विष्णुपुरीला मिलिंदच्या घरी गेलो. त्याची बायको चहा ठेवत होती. मी बसले नाही.

"मिलिंद्या, फाईल कुणाच्या हातात दिलीस?"

"मावशी, बसस्टँडवर एक पोरगा आला होता. त्याला दिली."

"नाव काय त्याचं?"

"न्हाई इचारलं."

"आन् त्या साहेबाला कुठं बघितलंस?"

"फोनवरच बोलणं व्हायचं. हे बघ मावशी, म्या काय केलं? म्या फक्त पुढं पाठवलं. ग्रुपवर सगळेच पाठवून राहिले."

आतून त्याची बायको बोलली, "फक्त पाठवलं? पोरीमागं कमिशन घेतलं, ते बी सांगा की मावशीला. चहा काय मीच देऊ आन् खरं बी मीच सांगू?"

"तू गप बस!"

"गपच हाय. म्हणून तर हे दिवस आले."

मी त्याच्या जवळ गेले. "तुझ्या काकानं दगड वाहिले, हे त्या माणसाला कुणी सांगितलं?"

त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"मिलिंद्या."

"म्याच सांगितलं. तो म्हणाला, तुमचे लोक फोनवर मोकळं बोलत न्हाईत, लई शंका घेतात. म्या म्हटलं, आधी जय भीम म्हणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी चांगलं बोला. मग कागद देतील."

"तो आपला हाय का?"

"मला काय ठाऊक, मावशी. बोलण्यावरून तर न्हाई वाटत."

प्रज्ञा दारात उभी होती. आत आली नाही. तिच्या मामानं तिला लहानपणी खांद्यावर घेऊन जयंतीची मिरवणूक दाखवली होती. ती फक्त म्हणाली, "चल, आजी."

कागदपत्रं तपासायच्या दिवशी ती झेरॉक्स घेऊन रांगेत उभी राहिली. मी बाहेर झाडाखाली बसले. टेबलावरचा साहेब म्हणाला, मूळ आणा, मुदत आज संध्याकाळपर्यंत. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, फिर्यादीची प्रत आहे का? नव्हती. विष्णुपुरीहून आल्यापासून मिलिंदच फोनवर सांगत होता, पैसे पाठवू नका, फिर्याद करू नका, मी फाईल आणून देतो. आम्ही थांबलो होतो. साहेबानं पुढचं नाव पुकारलं. जागा गेली. यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली असेल. तिचा काही दोष नाही.

पोरगी रडली नाही. घरी येऊन नर्सिंगची पुस्तकं पोत्यात भरली आणि माळ्यावर टाकली. मला म्हणाली, "मला आता कुणाचा फोन देऊ नको."

त्या दिवशी मी ठरवलं, पोलिसात जायचं. हे गावात कळलं आणि विहार कमिटीचे अध्यक्ष घरी आले. रिटायर गुरुजी, भला माणूस. त्यांनी गावात किती पोरं शिकवली.

"वैनी, घरातली गोष्ट हाय, घरात मिटवू. बाहेरचे लोक हसतील. म्हणतील, बघा, जय भीम म्हणून आपल्याच लोकाला लुटलं."

"मग खोटं म्हणतील का, गुरुजी?"

"तसं न्हाई. पण समाजाची बदनामी होईल. मिलिंद शिकलेला पोरगा हाय. किती मुश्किलीनं असा एक तयार होतो."

"प्रज्ञा बी शिकलेलीच हाय. ती कशी तयार झाली, ते मला ठाऊक."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्या पाठोपाठ दोन आया परसदारानं आल्या. त्यांच्याही पोरींच्या फायली मिलिंदनं नेल्या होत्या. कुजबुजत सांगितलं. पोलिसात येता का, विचारलं, तर म्हणाल्या, न्हाई बाई, पोरींची लग्नं व्हायचीत.

म्हणून आम्ही दोघीच गेलो. प्रज्ञाला मी ओढूनच नेलं. चौकीत हवालदार होता. सगळं ऐकून म्हणाला, "स्वतःच्या हातानं दिलं आन् आता रडता? वाचता येत न्हाई का तुम्हा लोकांना?"

"येतं," मी म्हणाले. "म्हणूनच लिहून घ्या. वाचून बघते."

त्यानं लिहिलं. मी वाचून बघितलं. त्यात होतं, अज्ञात इसमाने.

"अज्ञात न्हाई," मी म्हणाले. "फोनवरचा अज्ञात असेल. फाईल घरातून नेणारा ज्ञात हाय. माझ्या बहिणीचा पोरगा हाय. लिहा."

"आजीबाई, नात्यातलं माणूस. उद्या माघार घ्याल, आमची डोकेदुखी. अज्ञात राहू द्या. सगळ्यांच्या सोयीचं."

माझ्या डोळ्यांसमोर सगळे आले. लातूरचा साहेब, गुरुजी, ज्याला त्याला सोयीचं पाहिजे. मी टेबलावर दोन्ही हात ठेवले. जन्मात पहिल्यांदा सरकारी टेबलावर हात ठेवले.

"नाव लिहिल्याशिवाय मी उठत न्हाई."

तो चिडला. दोनदा बाहेर काढायला शिपाई बोलावला. मी उठले नाही. प्रज्ञा मला उठ म्हणाली नाही. शेवटी त्यानं नाव लिहिलं.

फाईल अजून मिळाली नाही. व्हॅलिडिटीची दुसरी प्रत काढायला प्रज्ञा हेलपाटे घालते आहे. आता गावातल्या कुणाही पोरीला फोनवर नोकरी आली की मी तिच्या घरी जाऊन बसते, बोलावलं नसलं तरी. तो किती गोड बोलतो, ते मला सांगू नका, म्हणते. त्यानं कामाचं काय विचारलं, ते सांगा. त्या ठिकाणचा नंबर आपण शोधून आपण फोन करा. मूळ कागद हातातून सोडू नका, मी मागितला तरी. काही घरांत मला बघून तोंड फिरवतात. फिरवू देत.

परवा बहीण आली. उंबऱ्याबाहेरच बसली. "अक्का, त्याची नोकरी जाईल. लेकरं हायत त्याला. नाव मागं घे. मी तुझ्या पाया पडते."

तिला मी अंगाखांद्यावर वाढवलं आहे. तिचे हात मी धरले, पायांना लागू दिले नाहीत.

"न्हाई घेत," मी म्हणाले.

ती उठून गेली. आता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. कोर्टात बोलावतील तेव्हा मी नांदेडला जाईन. वकील विचारेल, फाईल कुणी नेली. मिलिंद समोर उभा असेल, बहीण बाकावर बसली असेल. मी तिच्याकडं बघूनच त्याचं नाव घेईन.