खंडेनवमीची औषधपेटी

समस्त जनांस कळवण्यास अत्यंत गंभीर असा आनंद होतो की, सुलतानपूरजवळची टेकडी कुरतडत बसलेल्या आमच्या खडी क्रशरवर कोणीही, केव्हाही, कोणत्याही अवयवानिशी जखमी झाल्यास त्याच्या जिवाची चोख व्यवस्था करण्यात आली होती. जखमी होण्याची सोय तर पहिल्या दिवसापासूनच होती.

तपासणीला साहेब येणार म्हणून मालकांनी एकदम सगळं आणलं. लाल फुलीची औषधपेटी, एक स्ट्रेचर आणि दवाखान्यात न्यायला राखीव जीप. मी तिथला कारकून, म्हणून मलाच सुरक्षा समितीचा चिटणीस केलं. रंगीत तालीम झाली तेव्हा जखमी कोणी व्हायचं यावर मॅनेजर म्हणाले, "मीच होतो, माह्ये कपडे स्वच्छ हायेत." ते स्ट्रेचरवर पडले आणि चहा येईपर्यंत घोरू लागले. साहेबांनी शेरा दिला, समाधानकारक. त्यानंतर स्ट्रेचरवर गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळत राहिल्या आणि जीपमध्ये डिझेलचे डबे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुसून पूजतात, आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मॅनेजरांची भक्ती मोठी. त्यांनी पाने-हातोड्यांच्या शेजारी औषधपेटी उघडून मांडली. तिच्यातल्या कापसाच्या वाती झाल्या. कात्रीनं झेंडूचे हार कापले. बँडेजच्या गुंडाळ्यांवर ओल्या हळदीची बोटं उमटली आणि वर मूठभर कुंकू. स्ट्रेचरवर नारळांची रास. जीपच्या चाकांखाली लिंबं, आणि तिची किल्ली ताटात, सुपारीशेजारी. एवढं नटलेलं मरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आरती राहिली होती, कारण ती मालकांच्या हातूनच व्हायची आणि मालक चिखलीहून निघालेले. तेवढ्यात क्रशरचा ऑपरेटर दगड ओतायच्या तोंडावर तोरण बांधायला चढला. पाय घसरला, पत्र्याच्या फाटक्या कडेला हात घासत खाली आला. मनगटापासून कोपरापर्यंत हात चिरला होता. रक्त थेंबानं नाही, धारेनं येत होतं. पाच बोटांपैकी दोन हलत नव्हती.

मी पेटीकडे धावलो. मॅनेजर आडवे आले.

"नोका लावू हात, भाऊ! पूजा लागली हाये."

"अहो, पेटी कशाला आणली मग?"

"आणली ना. पण आजचा दिवस सोडून."

त्या बँडेजकडे पाहिलं आणि माझाच हात मागे आला. कुंकवात एक माशी रुतून बसली होती. मी गळ्यातलं नवं उपरणं काढून ऑपरेटरच्या हाताला करकचून आवळलं. ते क्षणात भिजलं.

"जीप काढा," मी ओरडलो.

मॅनेजर कानाला फोन लावून, एका बोटानं मला थांबा म्हणत होते. "हाव मालक... हाव... नाही, आरती नाही झाली..." मग माझ्याकडे वळून मोठ्या समाधानानं म्हणाले, "मेहकरले पोचले. आरती झाली की गाडीपुरती पूजा उठवून मी सोता गाडी काढतो. बिना आरतीची गाडी हालवली तं वर्षभर अपघात होत रायते."

हे ते, रक्तात उभे राहून, अपघात टळावा म्हणून सांगत होते.

ऑपरेटरची बायको खडी भरायला तिथंच असायची. ती बाजूला नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली, ताटातली किल्ली उचलली. सुपारी घरंगळत गेली. "काऊन पाह्यता बे नुसते? उचला त्यायले!" डंपरवाल्याच्या अंगावर तिनं किल्ली फेकली. त्याने मॅनेजरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिला जास्त घाबरून जीपकडे पळाला. लिंबं चिरडली गेली. डिझेलच्या डब्यांमध्ये पाय दुमडून आम्ही लोणार गाठलं.

टाके घालायला डॉक्टरांना बराच वेळ लागला. शेवटी त्यांनी सांगितलं, हात राहील, आणि बोटं हलवायला लावली. आधी एक हललं. मग, डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठं दुसरं. बायको भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

तेव्हाच मालक आले. रेशमी कुर्ता, कपाळावर टिळा, मागे मॅनेजर. खाटेवरच्या माणसाकडे एक नजर टाकून मालकांनी मला विचारलं, "ते ठीक आहे. पण आता आरती कशाची करायची? सामान तं सगळं अर्ध्यातून उठलं."

कोपऱ्यातून बायको उठली, नवऱ्याच्या खाटेकडे हात केला, आणि सगळ्या खाटांवरची माणसं माना वळवून बघू लागतील अशा आवाजात म्हणाली, "मंग यायलेच ओवाळा ना, मालक! हेबी तुमचंच सामान हाये!"