सर जे म्हणालेच नव्हते

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. हे नाही. आईला नाही, बहिणीला नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिला तर नाहीच — ती इथून बसने पाऊण तासावर, हडपसरला राहते.

कुठून सुरू करू? सकाळपासून दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठून गॅलरीत गेले. कपडे केव्हाच वाळले होते, तरी चाचपून आले.

कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? सात वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आले आहे. एवढंच तर. मग ते आठवलं की अजून मला खुर्चीत बसवत का नाही?

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला एक स्पर्धा असायची. शहरातला एखादा प्रश्न घ्यायचा — कचरा, ओढे, वाहतूक, काहीही — आणि खरंच करता येईल असा उपाय मांडायचा. दोघादोघांचे गट. काळे सरांनी मला जयश्रीबरोबर टाकलं. जयश्री वाशिमकडची, हॉस्टेलवर राहणारी, वर्गात शेवटच्या बाकावर. मी बुधवार पेठेतली, पहिल्या बाकावर, हात सतत वर. आमच्या घरून पाहुणा निघाला की दार लागायच्या आत त्याच्या 'न'ची आणि 'ण'ची नक्कल व्हायची. दुष्टपणा म्हणून नाही हो, करमणूक म्हणून. त्यात मी सगळ्यात तरबेज होते. हे सांगते आहे ते कारण म्हणून नाही. तुम्हाला माझं घर माहीत असावं, म्हणून.

आम्ही प्रश्न घेतला तो हडपसरच्या एका वस्तीतल्या सार्वजनिक नळांचा. पहाटे पाचला पाणी यायचं, आणि एकाही नळाला तोटी नाही. पाणी जाईपर्यंत धारा नुसत्या रस्त्यावर वाहायच्या. वर्गाचं निदान ठरलेलं होतं: लोक तोट्या चोरून भंगारात विकतात. मी सेन्सरवर चालणारा व्हॉल्व्ह आणि मोबाइलवर एक ॲप असं सुचवून मोकळी झाले. स्लाइडसुद्धा तयार केल्या.

जयश्रीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तोटी काढते कोन, हे पाह्यलं का वं कोनी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मग ती गेली. पहिली बस पकडून, सलग चार दिवस. मी एकदा गेले — फोटो काढायला. ती हंड्यांच्या रांगेत बायकांमध्ये बसून असायची, कधी कुणाचं बाळ मांडीवर घेऊन. तिसऱ्या दिवशी लताबाई नावाच्या एका बाईंनी तिला सांगून टाकलं. तोट्या त्या बायकाच काढत होत्या. पाण्याला जोर नाही, धार बारीक. म्हणून नळाला पाइप लावायचा आणि घरातलं पिंप भरायचं. तोटी असली की पाइप बसत नाही. "आमी काय तोट्या खातोय व्हय?" लताबाई म्हणाल्या. "पर पाइप कुठं लावायचा, ते सांगा की." पिंप भरलं की बाई पाइप काढून कामाला जाणार, उघडा नळ बंद करायचा कशाने?

झालं. जिच्या तोंडावर पाइप घट्ट बसेल अशी तोटी हवी होती, बस. ती दुकानात मिळते. तिला ॲप लागत नाही.

फायनलच्या आधी वर्गात तालीम झाली. पहिला भाग जयश्री बोलली. कागद न घेता, तिच्या तिच्या भाषेत — त्या बाया कशा बसतात, कोणाचं पिंप किती वेळात भरतं, लताबाई काय म्हणाल्या. पहिल्या वाक्याला दोघंतिघं हसले. त्यांतली एक मी. नंतर कुणी हसलं नाही. काळे सर टिपणं काढत होते, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसते ऐकत राहिले. मग मी उठले, माझ्या स्वच्छ पुणेरी मराठीत आकडे वाचून दाखवले — आणि सरांनी पेन पुन्हा उचललं.

तो क्षण मी विसरलेले नाही. पेन उचलल्याचा.

वर्ग सुटल्यावर जयश्री मेसला गेली. सरांनी मला जिन्यापाशी थांबवलं. म्हणाले, "फायनलला तिलाच बोलू दे. तू स्लाइड सांभाळ. आणि तिची भाषा दुरुस्त करायला जाऊ नका कुणी." मी हो म्हणाले. मान डोलावून, अगदी शहाण्यासारखं.

आता सांगते.

संध्याकाळी मी हॉस्टेलवर गेले आणि जयश्रीला म्हणाले, "सर म्हणताहेत फायनलला मीच बोलावं. बाहेरचे परीक्षक आहेत ना. तुझी भाषा तिथे — तसं चालणार नाही म्हणाले."

'चालणार नाही' हे शब्द मी निवडले होते. येताना रिक्षात.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं की मला आमच्या गटाची काळजी होती. परीक्षक हसले असते, तिलाच वाईट वाटलं असतं. खोटं आहे ते. ती वाईट बोलेल अशी भीती मला नव्हतीच. ती चांगलं बोलली होती. माझ्यापेक्षा चांगलं. माझ्याकडे जी एकच गोष्ट होती, ती माझी बोली. त्या बोलीशिवायही कुणी लोकांना इतकं खिळवून ठेवू शकतं — हे मला सहन झालं नाही.

जयश्री ओढणीची घडी घालत होती, ती तिने पूर्ण केली. मग म्हणाली, "हाओ. सरायचं बरोबरच हाय." भांडली असती तर? मी सांगून टाकलं असतं का? कोण जाणे. ती भांडली नाही.

फायनलला मी बोलले. परीक्षकांनी विचारलं, हे तुम्हाला कळलं कसं? मी म्हणाले, "आम्ही पहाटे जाऊन बायकांबरोबर बसलो." पुढे नोकरीच्या मुलाखतींत त्या 'आम्ही'चं 'मी' झालं. तसं व्हायला काही कष्ट पडले नाहीत. आमचा पहिला नंबर आला. तिसऱ्या रांगेत बसून जयश्रीने टाळ्या वाजवल्या. बाहेर सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती का नाही बोलली?" मी म्हणाले, "घाबरली, सर. नकोच म्हणाली." सरांचा चेहरा पडला. तिला त्यांनी पुन्हा कधी पुढे केलं नाही, आणि तीही त्यांच्यासमोर कधी उभी राहिली नाही. दोघांच्या मध्ये मी होते. दोन्ही बाजूंनी दार मीच लावलं होतं.

वस्तीत पुढे तशा तोट्या बसल्या. हे चांगलं झालं. ते माझ्यामुळे झालं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आज लिहीतही नसते. पण पंधरा दिवसांनी जयश्री माझ्याकडे आली. "मले तुझ्यासारखं बोलाले शिकवशील का?"

आणि मी शिकवलं! रोज दुपारी, कँटीनमध्ये, सहा महिने. मले नाही, मला. काऊन नाही, का. करून राहिले नाही, करते आहे. ती वहीत लिहून घ्यायची. मी चांगली शिक्षिका होते, कडक होते, आणि मला ते आवडत होतं. दिवाळीला गावी जाऊन आली तेव्हा हसत सांगत होती, की वडील म्हणाले, "आमच्या घरी पुण्याची पाहुनी आली." मीही हसले.

गेल्या वर्षी मंडईत काळे सर भेटले. निवृत्त झालेत, वांगी निवडत होते. इकडचं तिकडचं झालं आणि ते म्हणाले, "ती वाशिमची मुलगी — फार हुशार होती हो. धीर नव्हता एवढंच." भर सकाळी, चारचौघांत, एका वाक्याचं काम होतं. सर, तुम्ही तिचंच नाव सांगितलं होतं, मी उलटं सांगितलं. काय केलं असतं त्यांनी मला? वय झालेला माणूस, हातात पिशवी. मी म्हणाले, "हो ना, सर." आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला वळले.

दोन महिन्यांपूर्वी जयश्रीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. तिच्या ऑफिसातली मंडळी आली होती. तिने माझी ओळख करून दिली: "हिच्यामुळे मी बोलायला शिकले." इतकं शुद्ध, इतकं नेमकं बोलते ती आता; ती कुठली आहे हे कुणी ओळखणार नाही. गावाहून तिची आई आली होती. आई पाहुण्यांशी बोलायला लागली की जयश्री हळूच मध्ये यायची आणि वाक्य स्वतः पुरं करायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा आई उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. मी ताट घेऊन तिथेच गेले.

आईने मला जवळ बसवलं. म्हणाली, "पोरीचं बोलनं किती साजरं झालं. तुम्हीच शिकवलं म्हन्ते." मग पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला. "आता मले तिच्यासंगं फोनवर बोलाचं भेव वाटते. काही चुकलं म्हंजे?"

मी म्हणाले, "छान बोलता की तुम्ही."

बाहेरून जयश्रीने हाक मारून विचारलं, वरण हवंय का. मी हो म्हणाले. ती आली, आम्हा दोघींना वाढलं, गेली. मी ताटातलं सगळं संपवलं, आईंच्या पाया पडले आणि साडेतीनच्या बसने घरी आले.